असला, असेल, असता आणि इंग्रजीतला ‘इफ’

‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.’

बेळगावच्या शहापुरातल्या दहावीच्या कुठल्याही शिकवणीत हे वाक्य ऐकायला मिळतं. शिक्षक ‘वुड’खाली लाल रेघ ओढतात, वर ‘हॅड’ लिहितात आणि ‘इफ’नंतर ‘वुड’ येत नाही, हा नियम वहीत लिहून घ्यायला लावतात. मुलगी नियम पाठ करते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच वाक्य, तशीच लाल रेघ. याला निष्काळजीपणा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्या मुलीनं मनात मराठी वाक्य जुळवलेलं असतं, आणि ते अगदी बिनचूक असतं: ‘माहीत असतं तर सांगितलं असतं.’ वाक्याचे दोन तुकडे आणि दोन्हींच्या शेवटी ‘असतं’. मराठीनं तिला शिकवलेलं आहे की अट आणि परिणाम, दोन्ही न घडलेले असले की दोघांना एकच रूप द्यायचं. तिनं इंग्रजीतही तेच केलं. दोन्हीकडे ‘वुड हॅव’.

ही जुळवाजुळव मराठीच्या हाडात आहे. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं’ ही म्हण पहा. असत्या, असतं. ‘असतील शितं तर जमतील भुतं’ घ्या. असतील, जमतील. अट ज्या रूपात, परिणामही त्याच रूपात. हिंदीतही ‘पता होता तो बता देता’ असाच तोल आहे. शहापूरचं मूल घरी मराठी बोलतं, टीव्हीवर हिंदी ऐकतं आणि दोन्हीकडून त्याच्या कानावर हाच ताल पडतो. कन्नडचं मात्र निराळं आहे. शेजारच्या घरातली मैत्रीण म्हणेल, ‘गोत्तिद्दरे हेळुत्तिद्दे’. तिच्या अटीचं रूप वेगळं, परिणामाचं वेगळं. परिणामाचा तो ‘हेळुत्तिद्दे’ एरवी ‘मी सांगत होते’ या अर्थानं वापरतात. म्हणून कन्नड घरातल्या मुलाच्या तोंडी ‘इफ आय न्यू, आय वॉज टेलिंग’ असं काहीतरी येण्याचा संभव जास्त. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुली एकाच प्रश्नात दोन निराळ्या चुका करतात, कारण त्यांच्या पाठीशी दोन निराळी व्याकरणं उभी असतात. सीमाभागात इंग्रजी शिकवणाऱ्याला हे ठाऊक असलं तर त्याची निम्मी मेहनत वाचेल.

इंग्रजीला हा तोल चालत नाही. तिथं ‘वुड’ हा परिणामाच्या बाजूचा शब्द आहे. अटीच्या बाजूला क्रियापदानं एक पाऊल मागं जायचं, एवढंच काम. ‘नो’चं ‘न्यू’ होतं, ‘न्यू’चं ‘हॅड नोन’ होतं. म्हणून ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू’. दोन बाजू, दोन वेगळी रूपं. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र इंग्रज माणूस हे सगळं गिळून टाकतो. ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ या दोन्हींचं आखूड रूप ‘आयड’च होतं. ‘इफ आयड नोन, आयड हॅव टोल्ड यू’ हे कानाला मराठीसारखंच समतोल वाटतं. अमेरिकेत बोलताना पुष्कळ लोक पहिल्या ‘आयड’ची फोड सरळ ‘आय वुड हॅव’ अशी करतात आणि तिथले व्याकरणाचे शिक्षकही त्यावर रेघा ओढतात. तेव्हा ही चूक फक्त आपलीच आहे, असं समजायचं कारण नाही. परीक्षेच्या कागदावर मात्र ती चूकच धरली जाते.

‘इफ’नंतर ‘वुड’ किंवा ‘विल’ कधीच येत नाही, असं शिकवणंही अर्धंच खरं आहे. ‘इफ यू विल साइन हिअर’ किंवा ‘इफ यू वुड वेट अ मिनिट’ ही शुद्ध आणि सभ्य इंग्रजी वाक्यं आहेत. तिथं ‘विल’ भविष्यकाळाचा नसून समोरच्याच्या राजीखुशीचा आहे: आपली हरकत नसेल तर इथं सही करा. दहावीच्या मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगू नये. पण शिक्षकाला ते माहीत असावं, म्हणजे एखाद्या चौकस मुलानं असं वाक्य कुठून शोधून आणलं तर त्याला गप्प बसवावं लागणार नाही.

आता आपल्या भाषेत काय शिल्लक आहे ते पाहू, कारण मला वाटतं सराव तिथूनच सुरू व्हायला हवा. तीन वाक्यं घ्या. वेळ असला तर येईन. वेळ असेल तर येईन. वेळ असता तर आलो असतो. असला, असेल, असता. एका अक्षराच्या फरकानं बोलणाऱ्याच्या मनाचा कल बदलतो. ‘असला’मध्ये वेळ मिळण्या न मिळण्याची दोन्ही दारं उघडी आहेत. ‘असेल’मध्ये थोडा अंदाज मिसळलेला आहे. ‘असता’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हा काही येत नाही. चौथीतलं मूलही यात गल्लत करत नाही. आईनं ‘पैसे असते तर घेतलं असतं’ म्हटलं की ते हट्ट सोडतं, आणि ‘पैसे असले तर घेऊ’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी आठवण करून देतं.

मराठी व्याकरणकारांनी यासाठी ‘संकेतार्थ’ अशी संज्ञा ठेवली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली आपलं मराठी व्याकरण छापलं, तेव्हा ते अवघ्या बाविशीचे होते. पुढं मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली आलं. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही चौकडी आजही शाळेत शिकवली जाते, आणि ‘पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं’ या धाटणीचं उदाहरण तिथं हमखास भेटतं. पण मराठीच्या तासाला संकेतार्थ शिकलेलं मूल पुढच्याच तासाला इंग्रजीचा ‘इफ क्लॉज’ नव्यानं शिकायला बसतं, आणि या दोन्ही एकाच गोष्टी आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. मराठीच्या बाईंनी आणि इंग्रजीच्या सरांनी हा एक धडा एकत्र बसून घेतला तर किती बरं होईल.

‘असला’ आणि ‘असेल’, दोन्हींसाठी इंग्रजीत एकच वाक्य आहे: ‘इफ आय हॅव टाइम, आय विल कम.’ अटीत साधा वर्तमानकाळ, परिणामात ‘विल’. आणि मूल ‘इफ आय विल हॅव टाइम’ का लिहितं, याचं उत्तर त्या ‘असेल’मध्ये आहे. मराठीनं अटीतही भविष्याचं रूप दिलेलं असतं, मूल ते इमानानं उतरवतं.

‘असला’ची गंमत आणखी पुढची आहे. ‘पाऊस आला तर खेळ बंद’ हे वाक्य आपण कोरड्या मैदानावर उभं राहून बोलतो. ‘आला’ हे रूप भूतकाळाचं, पण पाऊस आलेला नाही हे बोलणाऱ्यालाही माहीत आणि ऐकणाऱ्यालाही. कन्नडमध्येही तसंच. ‘मळे बंदरे’ यातला ‘बंद’ हा ‘आला’ या अर्थाच्या भूतकाळी रूपातला तुकडा आहे. मराठी आणि कन्नड या दोन वेगळ्या भाषाकुळांतल्या. तरी दोघींनी न आलेल्या पावसासाठी आलेल्या पावसाचं रूप वापरलं. म्हणजे शहापूरच्या मुलाला, त्याची घरची भाषा कुठलीही असो, क्रियापदाचं भूतकाळी रूप नेहमी गेलेल्या काळाबद्दलच बोलत नाही, हे अंगवळणी पडलेलं असतं.

इंग्रजीतला पुढचा टप्पा समजायला नेमकं हेच लागतं. ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.’ मुलं विचारतात, वेळ आत्ता नाही, मग ‘हॅड’ कशाला? ‘नियम आहे’ हे उत्तर त्यांना पुरत नाही आणि पुरूही नये. जुन्या इंग्रजीत न घडलेल्या, मनातल्या गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपं होती, आपल्या संकेतार्थासारखी. शतकं गेली तशी त्या रूपांचे शेवट झिजले आणि ती साध्या भूतकाळात मिसळून गेली. म्हणून आज ‘हॅड’ दिसतो भूतकाळाचा, पण काम करतो संकेतार्थाचं. एकच जुनं रूप धडधाकट राहिलं. ते म्हणजे ‘वेअर’. ‘आय’पुढं एरवी ‘वॉज’ येतं, तरी ‘इफ आय वेअर यू’ म्हणायचं ते यामुळं. बोलण्यात ‘इफ आय वॉज’ सर्रास चालतं, पण ‘मी तुझ्या जागी असतो तर’ या अर्थानं लिहिताना ‘वेअर’च शोभतं. मुलांना हे सांगितलं की ‘वेअर’ हा विचित्र अपवाद वाटेनासा होतो.

‘आला तर’चं शब्दशः ‘इफ इट केम’ करणारी मुलंही असतात. ते वाक्य व्याकरणात बसतं, अर्थात घसरतं. ‘इफ इट रेन्ड, वी वुड स्टॉप’ म्हणजे पावसाची शक्यता बोलणाऱ्याला फारशी वाटत नाही. बेळगावात बसून, जुलै महिन्यात, सह्याद्रीकडून काळे ढग चढून येत असताना असं म्हणणारा माणूस परक्या गावचा समजला जाईल. तिथं ‘इफ इट रेन्स’च हवं. मार्चमध्ये म्हटलं तर चालेल. रूप कुठलं घ्यायचं हे बाहेरच्या आभाळावर आणि बोलणाऱ्याच्या भरवशावर ठरतं, घड्याळावर नव्हे.

इथवरचं मुलं लवकर पकडतात. अडतात ती पुढं, आणि मराठी माणसाचा खरा घोटाळा तिथंच आहे. ‘मला वेळ असता तर मी आलो असतो.’ हे वाक्य कधीचं आहे? आज संध्याकाळच्या कार्यक्रमाला बोलावणाऱ्याला आपण हेच म्हणतो. कालच्या कार्यक्रमाला का आला नाहीस, असं विचारणाऱ्यालाही हेच म्हणतो. मराठीला दोन्हीकडे एक वाक्य पुरतं. इंग्रजीला पुरत नाही. आजचं असेल तर ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम’. कालचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम’. पुस्तकं यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराची वाक्यं म्हणतात, वर ‘शून्य’ आणि ‘पहिला’ असे आणखी दोन प्रकार सांगतात. मुलं हे आकडे पाठ करतात आणि परीक्षेत एकमेकांत मिसळतात. मराठी ज्यांना वेगळं मानत नाही त्यांना नुसते आकडे दिल्यानं ती वेगळी कशी होणार?

इथं मी एक युक्ती सुचवीन, आणि या लेखात दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. प्रत्येक ‘असता तर’ वाक्याला ‘पण’ लावून शेपूट जोडायचं. ‘मला वेळ असता तर आलो असतो, पण वेळ नाही.’ ‘मला वेळ असता तर आलो असतो, पण वेळ नव्हता.’ पहिला भाग तोच, शेपूट वेगळं. ‘नाही’ आलं की ‘हॅड’ आणि ‘वुड कम’. ‘नव्हता’ आलं की ‘हॅड हॅड’ आणि ‘वुड हॅव कम’. जे मराठीनं मुख्य वाक्यात सांगितलं नव्हतं ते शेपटात आपोआप बोललं जातं, कारण ‘नाही’ आणि ‘नव्हता’ यांत मराठी मूल कधीच चुकत नाही. ‘पण’ जोडताच येत नसेल तर? ‘वेळ असला तर येईन’ला ‘पण वेळ नाही’ लागत नाही, जोडलं तर वाक्य मोडतं. याचा अर्थ गोष्ट अजून उघडी आहे, म्हणजे पहिला प्रकार. गाळलेल्या जागा भरण्याआधी दहा वाक्यांना नुसती ‘पण’ची शेपटं लावून घ्यावीत, इंग्रजी एक अक्षरही न लिहिता. तो तास वाया जात नाही.

मराठीकडं हा फरक दाखवायची सोय अजिबातच नाही, असं मात्र नाही. ‘मी मुंबईत असतो तर आत्ता लोकलमध्ये लटकत असतो’ यातला ‘लटकत असतो’ आजचा आहे, ‘लटकलो असतो’ म्हटलं तर ते एकदाच होऊन गेलं असतं. धातूला ‘त’ लागलेला असला की चालू काळ, ‘ला’ किंवा ‘लो’ लागलेला असला की एकदाची घटना. आपण हे रूप कमी वापरतो, पण ते आहे, आणि मिश्र वाक्यं शिकवताना त्याचा फार उपयोग होतो.

मिश्र वाक्य म्हणजे अट गेलेल्या काळातली आणि परिणाम आजचा. याची उदाहरणं शोधायला शहापूरकराला लांब जायला नको. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला शहापूर, वाटेत कपिलेश्वराचं देऊळ. आज ही एकच महानगरपालिका असली तरी स्वातंत्र्यापर्यंत बेळगाव ब्रिटिशांच्या मुलखात होतं आणि शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात. 1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. शहापुरातल्या सरकारी शाळा-कॉलेजाला चिंतामणराव पटवर्धनांचं नाव आहे ते या सांगलीच्या नात्यानं. आता वाक्य करा. ‘शहापूर सांगलीकडे नसतं तर शाळेला चिंतामणरावांचं नाव मिळालं नसतं.’ नाव देणं ही होऊन गेलेली घटना, म्हणून ‘इफ शहापूर हॅड नॉट बिलाँग्ड टू सांगली, द स्कूल वुड नॉट हॅव बीन नेम्ड आफ्टर चिंतामणराव’. आता परिणाम आजचा करा: शाळेच्या फाटकावर आज ते नाव दिसत नसतं. अट तशीच ठेवायची, फक्त शेवट बदलतो: ‘द स्कूल वुड नॉट कॅरी हिज नेम टुडे’. ‘हॅव’ गळाला, कारण फाटक आजही तिथंच आहे.

डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले असं हे एकमेव अधिवेशन. जमणाऱ्या माणसांना पाणी हवं म्हणून टिळकवाडीत विहीर खणली, ती काँग्रेस विहीर म्हणून अजून आहे. ‘अधिवेशन बेळगावला भरलं नसतं तर ही विहीर खणली गेली नसती’ हा तिसरा प्रकार, आणि ‘आज टिळकवाडीत ही विहीर नसती’ हा मिश्र. मुलांनी ती पाहिलेली असते. हातानं कठडा शिवलेल्या गोष्टीवरचं वाक्य आणि कार्यपुस्तिकेतलं ‘इफ जॉन हॅड मिस्ड द ट्रेन’ यांत फार अंतर आहे. जॉनची गाडी चुकली काय किंवा मिळाली काय, शहापूरच्या मुलाला त्याचं काहीच वाटत नाही.

आणि सीमाभागातलं एक वाक्य तर प्रत्येक मराठी घरात बोललं जातं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. ‘तेव्हा जिल्हा तिकडं गेला नसता तर आज आमची मुलं महाराष्ट्र बोर्डाचा पेपर लिहीत असती.’ अट 1956 ची, परिणाम आजचा, आणि मराठीनं ‘लिहिला असता’ न म्हणता ‘लिहीत असती’ म्हटलं, म्हणजे मिश्र वाक्याचा फरक बोलणाऱ्यानं नकळत अचूक पाळला. इंग्रजीत: ‘इफ द डिस्ट्रिक्ट हॅड नॉट गॉन टू मैसूर स्टेट इन नाइन्टीन फिफ्टी-सिक्स, अवर चिल्ड्रन वुड बी रायटिंग द महाराष्ट्र बोर्ड पेपर टुडे.’ ज्या आजोबांनी इंग्रजीचं एकही पुस्तक उघडलेलं नाही ते हा प्रकार मराठीत रोज बोलतात. नातवाला तो परीक्षेत सर्वांत अवघड वाटतो, हे मला खटकतं. आजोबांची वाक्यं वहीत उतरवून घ्यायला नातवाला सांगावं. इतिहासाबद्दल आजोबांची मतं काहीही असोत, त्यांची क्रियापदं बरोबर असतात.

भाषांतरातून इंग्रजी शिकवण्याची पद्धत आता जुनाट समजली जाते. दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. पुढं थेट इंग्रजीतून शिकवण्याचा आग्रह आला आणि वर्गात मराठी बोलणं हाच अपराध झाला. साध्या संभाषणाला तो आग्रह ठीक आहे. अटीच्या वाक्यांना नाही, असं माझं मत आहे. चूक मराठीतून आली असेल तर तिचा उगम मराठीतच दाखवावा लागेल. बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला आयुष्यभर इंग्रजी शिकवत राहिले, मराठीत कथा लिहीत राहिले, आणि कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. दोन भाषांमधली ये-जा या भागाला नवी नाही. वर्गातच ती बंद का असावी?

सराव कसा घ्यायचा, तर एकच प्रसंग चारदा फिरवून. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा पट्टा. मागाचा खडखडाट ज्यांच्या झोपेतही असतो अशी मुलं या वर्गांत बसतात. त्यांच्यासाठी प्रसंग तयारच आहे. लाइट गेली की माग थांबतो. हे नेहमीचंच, म्हणून दोन्हीकडे वर्तमानकाळ: ‘इफ द पॉवर गोज, द लूम स्टॉप्स.’ मराठीनं इथं ‘तर’ऐवजी ‘की’ वापरला हे मुलांना दाखवावं. ‘की’ बसत असेल तर पुस्तकातला शून्य प्रकार. मग, लाइट गेली तर आज साडी पुरी होणार नाही: ‘इफ द पॉवर गोज, वी विल नॉट फिनिश द साडी टुडे.’ मग, गावात लाइटच नसती तर हातमागावर बसावं लागलं असतं (पण लाइट आहे): ‘इफ देअर वेअर नो पॉवर, वी वुड हॅव टू यूज द हँडलूम.’ आणि शेवटी, काल लाइट गेली नसती तर साडी पुरी झाली असती (पण गेली): ‘इफ द पॉवर हॅड नॉट गॉन यस्टरडे, वी वुड हॅव फिनिश्ड द साडी.’ तिसऱ्या आणि चौथ्या मराठी वाक्याचा शेवट ‘लागलं असतं’, ‘झाली असती’ असा सारखाच आहे. ‘पण’ काढून टाका आणि मुलं लगेच घसरतात.

यानंतर साखळी. एक मूल म्हणतं, लाइट गेली तर माग थांबेल. दुसरं तिथून उचलतं, माग थांबला तर साडी राहील. तिसरं म्हणतं, साडी राहिली तर व्यापारी रागावेल. प्रत्येक परिणाम पुढच्याची अट होतो, आणि ‘द लूम विल स्टॉप’चं ‘इफ द लूम स्टॉप्स’ करताना ‘विल’ प्रत्येक वेळी टाकून द्यावा लागतो. दहा मुलं फिरली की ‘विल’ दहादा गळतो. नियम न सांगता तो जिभेवर बसतो. निपाणीकडच्या वर्गात हीच साखळी तंबाखूवर करावी: पाऊस लांबला तर लावण लांबेल, लावण लांबली तर… पुढचं तिथल्या मुलांना शिक्षकापेक्षा जास्त माहीत असेल.

मोठ्या मुलांना किपलिंगची ‘इफ’ नावाची कविता दाखवावी. किपलिंग 1865 साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला, त्याचे वडील तिथं शिकवत होते. 1910 मध्ये पुस्तकात आलेली ही बत्तीस ओळींची कविता म्हणजे एकच वाक्य आहे. अटींवर अटी येत राहतात आणि परिणाम शेवटच्या दोन ओळींत. सगळ्या अटी वर्तमानकाळात आहेत, कारण मुलाला हे सगळं जमू शकतं असा वडिलांचा भरवसा आहे. त्या अटी भूतकाळी रूपात घातल्या असत्या तर कवितेतला तो भरवसा राहिला नसता. व्याकरण म्हणजे नुसते गुण मिळवायचं साधन नव्हे, हे मुलांना पटवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

नकाराची वाक्यं हा वेगळाच चिखल आहे. ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबेन’ याचं मुलं ‘आय विल वेट अन्टिल यू डोन्ट कम’ करतात. मराठीत ‘नाही’ लागतो, इंग्रजीच्या ‘अन्टिल’मध्ये तो नको असतो. ‘अनलेस’च्या पोटात तर नकार आधीच बसलेला आहे. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ म्हटलं की दोन नकार एकमेकांना खातात आणि अभ्यास न करण्याचा सल्ला तयार होतो. इथं मराठीचं ‘शिवाय’ कामाला येतं. ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस.’ ‘केल्याशिवाय’मध्ये वेगळा ‘नाही’ नाही, तसाच ‘अनलेस’मध्येही नाही: ‘यू वोन्ट पास अनलेस यू स्टडी.’ वाक्य आधी ‘शिवाय’मध्ये बसवायचं आणि मग इंग्रजीत न्यायचं.

राहिला ‘इफ’ गाळण्याचा प्रश्न. मराठीत ‘जर’ जवळजवळ नेहमीच गळतो आणि ‘तर’ राहतो. सरकारी पाट्यांवर दोन्ही गळतात, ‘विनातिकीट आढळल्यास दंड’ एवढ्यावर काम भागतं. इंग्रजीत ‘इफ’ गाळायचा तर क्रियापद उचलून पुढं आणावं लागतं. ‘इफ द बस हॅड कम ऑन टाइम’चं ‘हॅड द बस कम ऑन टाइम’ होतं, ‘इफ आय वेअर रिच’चं ‘वेअर आय रिच’. बोलण्यात हे क्वचित येतं, पण बँकेच्या आणि विमा कंपनीच्या पत्रांत ‘शुड यू नीड एनी हेल्प’ अशी सुरुवात सतत भेटते. क्रियापद पुढं पाहून मुलं त्याला प्रश्न समजतात आणि शेवटी प्रश्नचिन्ह कुठं गेलं म्हणून शोधतात. तो प्रश्न नसतो. ‘मदत लागल्यास’ एवढाच त्याचा अर्थ, आणि लागल्यास काय करायचं ते पुढच्याच ओळीत छापलेलं असतं.